न्हाणीतली मरळ

मरळ पाण्यात राहते, पण श्वास हवेचा घेते. थोड्या थोड्या वेळाने वर येते, तोंड उघडते, एक घोट हवा घेते आणि खाली जाते. तिला वर येऊ दिलं नाही तर ती पाण्यात बुडून मरते.

∗

माझ्या वडिलांच्या, बापूंच्या, शिलाईच्या टेपचं पुढचं पितळी टोक तुटलं होतं, त्याच्याबरोबर टेपचे चार सेंटिमीटरही गेले होते. त्यामुळे गिऱ्हाइकाची छाती असो की माशाची लांबी, प्रत्येक मापातून ते मनातल्या मनात चार वजा करायचे.

∗

बाळंतिणीला दूध येत नसेल तर आधी खसखशीची खीर. मग अळीव. मग शतावरी, दुधातून. मग लसूण, इतका की पोराच्या अंगालाही वास यावा. आणि यातलं काहीच लागू पडलं नाही तर मरळ.

∗

मोहबोडी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक पत्र्याचा फलक होता. ‘आखाड ते पोळा मरळ धरू नये. हुकूमावरून.’ कोणाच्या हुकमावरून, ते लिहायचं राहून गेलं होतं.

∗

मी नऊ वर्षांची असताना वर्गातल्या सगळ्या मुलींना सांगून ठेवलं होतं की आज आमच्या घरी मासा आहे. नव्हता.

∗

माझ्या नवऱ्याला मासे आवडत नाहीत, आणि त्या वेळी तो बल्लारपूरला नोकरीवर होता. या गोष्टीत त्याचं एवढंच काम.

∗

आता ती सकाळ.

बापू ओसरीवर शिलाई मशीनपाशी बसले होते, पण मशीन चालत नव्हतं. आत खाटेवर मी, माझ्या मांडीवर चार दिवसांची लेक. मी माहेरी बाळंतपणाला आले होते. ती ओढायची, काही यायचं नाही, मग तोंड बाजूला करून रडायची. आई गाईच्या दुधात पाणी घालून वाटी आणायची आणि कापसाच्या बोळ्याने तिच्या तोंडात पिळायची. ते ती ओकून टाकायची. नर्सबाई म्हणाल्या होत्या, काहींना उशिरा येतं, लावत राहा. मी लावत होते. पण जन्मली तेव्हा हाताला जड लागणारी पोरगी आता हलकी लागत होती. तिला एकमेकींच्या हातात देताना आम्ही दोघी दुसरीकडे बघायचो.

आदल्या दिवशी आई कवडूकाकाकडे जाऊन आली होती. कवडू मेश्राम म्हणजे मोहबोडीच्या मासेमार ढिवरांच्या संस्थेचा अध्यक्ष. तलाव त्यांच्या ठेक्यात होता. एक मरळ द्या, बाळंतिणीसाठी पाहिजे, असं आईने सांगितलं. कवडूकाकाने तिला पाट दिला, चहा दिला, लेकीची चौकशी केली आणि म्हणाला की बंदी आहे, आणि बंदी बापूंनी घातली आहे, तेव्हा बापूंनाच विचारा.

आई ते ऐकून घरी आली आणि सकाळी ओसरीवर जाऊन उभी राहिली.

“वीस वर्सं झाली,” ती म्हणाली. “दर रविवारी मानूस तलावावर जाते. घरात मासा येते तो बाजारातला.”

बापूंनी मशीनवरचं दोऱ्याचं रीळ काढलं आणि पुन्हा बसवलं.

“बाजारात आज मरळ नाही. काहून नाही, सांगू?”

“बंदी हाय,” बापू म्हणाले.

“कोनाची?”

बापूंनी मशीनचं चाक हाताने थोडं फिरवलं.

“नातीपेक्षा मासोळी मोठी झाली का जी?”

मी आतून ऐकत होते. आई, जाऊ दे, असं म्हणायला फार ताकद लागली नसती.

∗

बंदीची गोष्ट इथे सांगावी लागेल. नाहीतर बापूंनी मशीनचं चाक का फिरवलं ते कळणार नाही.

आमच्या तालुक्याच्या गावात गरी, म्हणजे गळाची काठी, टाकणारे पाचसहा जण होते. एक कंपाउंडर, एक ड्रॉइंग मास्तर, असे. पोटासाठी मासे धरणारे ढिवर वेगळे, ते जाळं टाकायचे. हे शौकीन. रविवारी सायकलींना काठ्या बांधून मोहबोडीला जायचे आणि मोठी मरळ मिळाली की काठीला टांगून बाजारातून घरी यायचे, म्हणजे सगळ्यांनी पाहावं. बापू त्यांच्यात सगळ्यात चांगले. आणि बापूच एकटे मासा परत सोडायचे. लहान मिळाली तर कधी ठेवायचे, ढिवराच्या एखाद्या म्हातारीला देऊन टाकायचे. मोठी मात्र सोडायचीच. ओल्या पोत्यावर ठेवायची, टेप लावायची, चार वजा करायचे, पाण्यात धरून ठेवायची, तिने स्वतः शेपूट मारून निसटेपर्यंत.

मी नऊ वर्षांची असताना मला एकदा ते घेऊन गेले. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी माझ्या कमरेइतकी उंच मरळ धरली. मी पाळीवर नाचले. आणि मग त्यांनी ती पाण्यात धरली. मी रडायला लागले, म्हटलं, मी सगळ्यांना सांगितलंय. बापूंचे हात पाण्यात होते, म्हणून त्यांना माझे डोळे पुसता आले नाहीत.

“मोठी सोडायची, वनू,” ते म्हणाले. “मोठीच्या पोटात तलाव असते.”

हे वाक्य त्यांनी पुढे सगळ्यांना सांगितलं. कंपाउंडरला, मास्तरला. लोक हसायचे. बापू टेलर मासोळीचं माप घेते, ब्लाउज शिवून देते, असं पानठेल्यावर चालायचं. पण हळूहळू एकेकाने ऐकलं. मग बापू कवडूकाकाकडे गेले. मरळ पावसाळ्यात पिल्लं काढते. लव्हाळ्यांच्या कडेला पिल्लांचा लाल घोळका पाण्यावर उकळल्यासारखा दिसतो आणि मरळ त्याच्या खालून फिरत राखण करते. तेवढे दिवस जाळं टाकू नका, आम्ही शौकीनही गरी टाकणार नाही, हा माझा शब्द, असं बापू म्हणाले. ढिवरांच्या घरात ते दिवस तसेही ओढाताणीचे असतात. कवडूकाकाने संस्थेत भांडून, दोन वर्षं शिव्या खाऊन ती बंदी चालवली. तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात जाळ्यात इतकी मरळ आली की शिव्या देणाऱ्यांनीच तो पत्रा रंगवून घेतला.

हुकूम कोणाचा, हे लिहायची गरज कोणाला वाटली नाही. सगळ्यांना माहीत होतं.

∗

बापूंनी सायकल काढली. गरी दांड्याला बांधली, मागे ओलं पोतं लावलं. आत डोकावले नाहीत. फाटकाचा आवाज आला. आई मागे वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जिंकल्यासारखं काही नव्हतं. तिने वाटी उचलली आणि गाईचं दूध तापवायला गेली.

लेक रडून रडून झोपली होती. मी कुशीवर पडले. थोड्या वेळाने छातीत आत कुठेतरी मुंग्या आल्यासारखं झालं, मग जड, मग दुखायला लागलं, आणि चोळीवर एक ओला डाग दिसला. तो वाढत गेला. मी त्याला बोट लावलं. बोट तोंडात घातलं.

आईला हाक मारायची होती. मी मारली नाही.

का मारली नाही याची मी पुढे बरीच उत्तरं तयार केली. आधी खात्री करावी. लेकरू उठलं की लावून पाहावं, मग सांगावं, नाहीतर पुन्हा सगळे निराश होतील. यातलं एकही खोटं नाही. पण पडल्या पडल्या मला फाटकाकडून तलावाकडे जाणारा रस्ता दिसत होता, त्यावर बापूंची पाठ दिसत होती, आणि ती पाठ अजून थोडी पुढे जावी असं वाटत होतं.

लेक उठली. मी लावलं. या वेळी ती तोंड बाजूला करीना. गिळल्याचा आवाज यायला लागला, एकापाठोपाठ एक, घाईचा. तो आवाज ऐकूनच आई स्वयंपाकघरातून आली. दारात उभी राहिली, पदर तोंडाला लावला, आणि मग एकदम म्हणाली, केशोला पाठवते.

केशोमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. दोन घरं सोडून राहायचा, लूनावर फिरायचा. आईने त्याला अंगणातूनच सांगितलं की मोहबोडीला जा, भाऊजींना म्हणावं दूध आलं, मासा नको, घरी या. मामाने आधी बाळंतिणीच्या खोलीकडे तोंड करून, वने, भाग्याची आहेस, असं ओरडून सांगितलं, मग लूना पायडल मारून चालू केली. नेहमीप्रमाणे ती दोनदा बंद पडली.

आम्ही वाट पाहत बसलो. लेक पुन्हा प्यायली. आईने घटकाभराने तिला उचललं, हातात तोललं आणि या वेळी माझ्याकडे पाहिलं.

∗

आधी मामा आला. त्याने लूना भिंतीला टेकवली आणि माठातून पाणी घेतलं. आईने विचारलं, भेटले का? भेटले, मामा म्हणाला. मग? मामाने पेला पालथा घातला. उशीर झाला अक्का, तो म्हणाला, पोत्यात भरून झाली होती.

एवढं बोलून तो घरी जेवायला निघून गेला.

मागून बापू आले. सायकल हातात धरून, चालत. पोतं मागे आडवं बांधलेलं होतं आणि हलत होतं. त्यांनी ते खांद्यावर घेऊन सरळ न्हाणीत नेलं. आमच्या न्हाणीत सिमेंटचं टाकं होतं, कमरेएवढं, आंघोळीच्या पाण्याचं. त्यात त्यांनी पोतं उलटं केलं. पाणी भिंतीवर उडाल्याचं मला खोलीपर्यंत ऐकू आलं.

मग हात धुऊन ते आत आले आणि लेकीपाशी बसले. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात दूध होतं. बापूंनी ते पाहिलं आणि करंगळीने पुसलं.

“प्याली?”

“तीनदा,” आई म्हणाली.

“बरं झालं.”

त्यांना आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. मला वाटलं, मामाने रस्त्यात सांगितलंच असेल.

मग प्रश्न उरला तो टाक्यातल्या मरळीचा. आई म्हणाली, आलेलं दूध जातंही, शेजारच्या सुमनचं गेलं होतं. आणलीच आहे तर करून टाकू. पण ती आता सकाळसारखी बोलत नव्हती. आणि थोड्या वेळाने तीच म्हणाली की जिवंत आहे, संध्याकाळपर्यंत काही होत नाही तिला, बघू. बापू भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता. ते कोणाला उद्देशून नव्हे, असं सांगायला लागले. गेल्या वर्षी हिलाच सोडली होती. ओठावर जुना पांढरा व्रण आहे, त्यावरून ओळखली. लव्हाळ्यांच्या टोकाला तिचा घोळका होता, नखाएवढी पिल्लं, लाल.

“मग गरी कुठं टाकली?” मी विचारलं.

“घोळक्यातच,” बापू म्हणाले.

गरी टाकणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या मुलीला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पिल्लं राखणारी मरळ काही खात नाही. तिला दुसऱ्या कशानेही धरता येत नाही. पण घोळक्याच्या मध्ये रबरी बेडूक टाकला, तर ती तो पकडते. त्याला हाकलायला. याच एका गोष्टीसाठी बापूंनी ड्रॉइंग मास्तराशी तीन वर्षं बोलणं टाकलं होतं.

“भुकेनं नाही घेतली तिनं,” ते म्हणाले, आणि उठून मशीनपाशी गेले.

∗

दुपारी आईने मला न्हाऊ घालायला नेलं. तेल लावून झालं, चुलीवरचं कढत पाणी घमेल्यात आलं. थंड पाणी टाक्यातून घ्यायचं होतं. आईने झाकणाची फळी सरकवली, एक तांब्या घेतला आणि लेक रडली म्हणून तशीच बाहेर गेली.

मी पाटावर बसले होते. टाकं माझ्या खांद्याला लागून होतं. आत अंधार होता. मग पाणी मधोमध फुगलं, एक रुंद काळं डोकं वर आलं, तोंड उघडलं आणि मिटलं. घुटुक. ते खाली गेलं. पाणी सपाट झालं. तिला वळायला जागा नव्हती, त्यामुळे ती वाकडी राहिली होती, शेपूट भिंतीवर चढलेली. मी वाकून पाहिलं तर ओठावरचा व्रणही दिसला. माझ्या अंगावरून दूध गळत होतं, दोन्हीकडून, थांबत नव्हतं, पाटावरून मोरीकडे चाललं होतं.

घुटुक.

मी असं म्हणणार नाही की मला तिची दया आली. दया यायला पाहिजे होती, आणि नंतर खूप आली. त्या वेळी मला दिसत होतं ते एवढंच, की ही आमच्या घरात आहे. बापूंनी धरलेली मोठी मरळ आमच्या घरात आहे.

आई परत आली, तिने मला न्हाऊ घातलं, शेक दिला, ऊबदार गुंडाळून खाटेवर आणून बसवलं. तेव्हा बापू दारात आले. चिखल तसाच होता, आता वाळून पांढरा झालेला.

“वनू,” ते म्हणाले, “तू सांग. आत्ता पोत्यात भरतो, नेतो, सोडतो. घोळका तिथंच असन. तिचा जोडीदार राखत असन. ती जाईन त्याच्यापाशी.” ते थांबले. “नाहीतर राहू दे.”

“एकट्याला जमतं का त्याला?”

“कधी जमते. कधी नाही.”

आई मागे उभी होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. निवाडा तिने माझ्यावर सोडला, आणि मला तिचा राग आला, कारण सकाळी तिने कोणावरच काही सोडलं नव्हतं.

लेकीला आता मरळीची गरज नव्हती. मलाही नव्हती. हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

“बापू,” मी म्हटलं, “मला खायची आहे.”

बापूंनी मान हलवली. आणि ते इतक्या झटकन वळले की त्यांचा खांदा चौकटीला लागला. पुढच्या क्षणी अंगणात दगडावर सुरी घासल्याचा आवाज यायला लागला. तो राग आहे असं मी समजले.

∗

त्यांनी स्वतःच कापली. आईने राख लावून घासली, लसूण ठेचला, मिरची कमी आणि मिरी जास्त घालून रस्सा केला. मला पाटावर बसवून भात वाढला. बापू समोर बसले. त्यांनी स्वतःला वाढू दिलं नाही. माझ्या ताटातला तुकडा उचलायचे, काटा काढायचे, परत ठेवायचे. मरळीला काटे फार नसतात. तरी ते शोधत होते.

“मीठ बरोबर हाय?”

“बरोबर आहे.”

मी पहिल्यांदा वाढलेलं संपवलं. दुसऱ्यांदा मागून घेतलं. त्याहून चांगलं काही मी आजवर खाल्लेलं नाही. हे लिहायला नको होतं, पण ते तसंच आहे.

दिवस मावळायच्या आत कवडूकाका आला. लेकीला बघायला आलोय, म्हणाला. पानात बांधून सुके झिंगे आणले होते, बाळंतिणीसाठी. आईने त्याला आत बोलावलं. घरभर रश्श्याचा वास होता, न्हाणीच्या दारात ओलं पोतं होतं, मोरीत खवले होते. त्याने लेकीच्या कपाळाला बोट लावलं, बापाच्या वळणावर गेली म्हणाला, जे खरं नव्हतं. मग ओसरीवर बापूंशेजारी जरा बसला. दोघं पावसाचं बोलले. भाताच्या रोवणीचं बोलले. मी आतून ऐकत होते, आणि आता भांडण होईल, आता होईल, असं मला वाटत होतं. ते झालं असतं तर बरं झालं असतं.

उठताना कवडूकाकाने टोपी नीट केली.

“बापू, उद्यापासून आमी जाळं टाकतो.”

“टाका,” बापू म्हणाले.

“पोरं आयकत नाहीत आता. मी का सांगू त्याईले?”

“टाका न.”

“पोरगी चांगली झाली,” कवडूकाका म्हणाला, आणि गेला.

∗

दुसऱ्या दिवसापासून बापू उजाडायला घराबाहेर पडायला लागले. गरी नाही, पोतं नाही. हातात एक लांब बांबू. आईला वाटलं रानात जातात. तिने केशोमामाला विचारलं, तेव्हा कळलं की ते मोहबोडीला जाऊन लव्हाळ्यांच्या टोकाला गुडघाभर पाण्यात उभे राहतात. पिल्लांचा घोळका अजून तिथे होता. जोडीदार दिसत नव्हता. बापू बांबू आपटून बगळे उडवायचे. खंड्या बसला की चिखलाचा गोळा मारायचे. पाण्याखालून कोण येतं ते त्यांना दिसत नव्हतं, म्हणून ते बांबू पाण्यात घालून गोल फिरवत राहायचे. पलीकडच्या काठाला ढिवर जाळं ओढायचे आणि इकडे पाहायचे. कोणी हसायचं नाही, असं मामा म्हणाला. हसले असते तर बरं, असंही म्हणाला.

दुकान उशिरा उघडायला लागलं. पोळ्याचे कपडे शिवायला आलेली माणसं परत जायची.

मग एका सकाळी बापू लवकर परत आले. बांबू कुंपणाला लावला. आई चहा घेऊन गेली.

“नाहीत,” ते म्हणाले.

त्या वर्षी पोळ्यापर्यंत बाजारात मरळ आली. भरपूर आली. पुढल्या वर्षी कमी आली. नंतर विचारायचंच लोकांनी सोडलं. कंपाउंडर, मास्तर आणि बाकीचे पुन्हा मोठ्या मरळी काठीला टांगून आणायला लागले, जोपर्यंत मिळत होत्या तोपर्यंत. बापू टेलरनं पिल्लावरची ठेवली न, मग आमी काहून सोडावी, हे त्यांचं म्हणणं. बापूंनी गरी आढ्याला बांधून ठेवली आणि पुन्हा खाली काढली नाही.

एकदा, फार वर्षांनी, म्हाताऱ्या झालेल्या कंपाउंडरने आमच्या ओसरीवर बसून त्यांना सरळ विचारलं. मी माहेरी आले होते, चहा देत होते. खरं सांगा बापू, तो म्हणाला, मोठी मासोळी ठेवावी का सोडावी?

“सोडावी,” बापू म्हणाले.

“मग तुमी?”

“मले पायजे होती.”

कंपाउंडरने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मला वाटलं, मला सांभाळून घेण्यासाठी ते माझं म्हणणं स्वतःच्या तोंडी घेत आहेत.

∗

चोळीवर डाग दिसला आणि मी आईला हाक मारली नाही, त्यातली वेळ मी अनेकदा मोजून पाहिली आहे. लेक माझ्या कुशीत झोपली होती तेवढी. ती वेळ मी वाचवली असती, तर मामाची लूना दोनदा बंद पडूनही वेळेत पोचली असती. मरळ पिल्लांखाली फिरत राहिली असती. पत्र्यावरचा रंग उडाल्यावर कोणीतरी तो पुन्हा दिला असता. बापू रविवारी तलावावर जात राहिले असते. मी हे सगळं त्या वेळेच्या नावावर लिहून ठेवलं होतं, आणि बापू गेल्यावरही ते तसंच राहू दिलं. नागपूरच्या बाजारात पिंजऱ्यात वाढवलेली मरळ मिळते, माझी लेक कधी घेऊन येते. मी करून देते. मी खात नाही. कारण विचारलं तर सांगते की आता पचत नाही.

∗

केशोमामाने दूध आल्याचा निरोप दिला, तेव्हा बापूंची गरी अजून सायकललाच बांधलेली होती, आणि पोतं रिकामं होतं.